घरच्या स्पीकरची पारख कोणत्या ध्वनिमुद्रणावर करावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत स्पीकर घ्यायला निघण्याआधी जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची ही उत्तरं. दोन स्पीकरचा साधा स्टिरिओ संच डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत. होम थिएटर आणि साउंडबारचा विचार इथे केलेला नाही.

दुकानात जाताना कोणती रेकॉर्डिंग बरोबर न्यावीत?

ज्या वाद्याचा, ज्या आवाजाचा खरा नाद तुमच्या कानात बसलेला आहे, त्याचं रेकॉर्डिंग न्या. बाकीचे निकष त्यानंतर. चांगला स्पीकर मूळ आवाजात स्वतःची भर घालत नाही आणि त्यातलं काही गाळतही नाही. पण मूळच माहीत नसेल तर भर पडली की गळती झाली, हे ठरवायचं कशावरून? सिंथेसायझरवर तयार केलेला एखादा आवाज प्रत्यक्षात कसा असतो, हे कुणीच सांगू शकत नाही, कारण स्पीकरबाहेर तो कधी वाजलेलाच नसतो. तंबोरा, पेटी, तबला, पखवाज, टाळ यांचं तसं नाही. देवळातलं भजन, शेजारच्या क्लासमधली पेटी, गणपतीतली आरती हे आवाज आपण चार हातांवरून, माइकशिवाय ऐकलेले असतात. मराठी घरातल्या श्रोत्याकडे हे भांडवल आयतं असतं आणि ते त्यानं वापरावं, असं मला मनापासून वाटतं.

एक काळजी मात्र घ्या. पुण्यात १९५३ पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मोठ्या मंडपात आपल्यापर्यंत येणारा आवाजही स्पीकरमधूनच आलेला असतो. त्या आठवणीशी घरचा स्पीकर ताडून पाहणं म्हणजे एका स्पीकरची दुसऱ्याशी तुलना करणं. घरगुती बैठक, रियाजाची खोली, लहान देऊळ इथे ऐकलेला आवाज प्रमाण माना.

दुसरी अट अशी, की रेकॉर्डिंग तुम्हाला पाठ असावं. कुठे गायक श्वास घेतो, कुठे तबलजी हातोडीनं तबला मिळवतो, कुठे मागून कुणी ‘वाहवा’ म्हणतं, हे आधीच ठाऊक असेल तर नव्या स्पीकरवर त्यातलं काय हरवलं ते लगेच कळतं.

दुकानदार स्वतःची गाणी लावतो. त्यावरून ठरवलं तर काय बिघडलं?

ईगल्सच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चं १९९४ मधलं प्रत्यक्ष कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तुम्ही अशा दुकानांत ऐकलं असेलच. सुरुवातीची गिटार, मग ढोलाचे ते खोल ठोके, वर टाळ्यांचा गजर. रेकॉर्डिंग उत्तमच आहे, आणि म्हणूनच ते बहुतेक स्पीकरवर बरं वाजतं. जे सगळीकडेच छान वाजतं ते दोन स्पीकरमधला फरक दाखवायला फारसं उपयोगी नाही. ते ऐकून घ्या, दुकानदाराचा मान राखा, आणि नंतर आपली यादी लावायला सांगा. नाही म्हणणाऱ्या दुकानात स्पीकर घेऊ नये.

आपल्या शास्त्रीय संगीतावर स्पीकर खरंच पारखता येतो का? सगळे तर जॅझ आणि रॉक सांगतात.

येतो, आणि काही बाबतींत जास्त चांगला येतो. दोन वाद्यं नीट पाहू.

पहिला तंबोरा. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावली की एका तारेतून स्वरांचा झोत उमटतो. मूळ स्वरापेक्षा वरचे उपस्वरच, म्हणजे त्याच्यासोबत उमटणारे वरचे स्वर, त्यात ठळक असतात. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये खर्जाची तार छेडल्यावर त्या उपस्वरांची चढण एकेक पायरीनं ऐकू येते, आणि ती विरायच्या आत पुढची तार येते. स्पीकरच्या मधल्या पट्टीत कुठे उंचवटा असेल, म्हणजे तिथले स्वर वाजवीपेक्षा मोठे वाजत असतील, तर एखादाच उपस्वर सारखा पुढे येऊन टोचत राहतो. खड्डा असेल तर चढण मध्येच तुटते. कुमार गंधर्वांच्या मैफलींची ध्वनिमुद्रणं यासाठी काढावीत. तंबोरे लावण्याबाबत ते किती काटेकोर होते हे सर्वश्रुत आहे. पहिली दोन मिनिटं, आलाप सुरू होण्याआधी, फक्त जोडी ऐका. दोन तंबोरे दोन म्हणून कळतात का? की सगळा मिळून एक गुंजारव झाला आहे?

तंबोऱ्यावरून खालचा आवाज जोखायला मात्र जाऊ नका. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झला (सेकंदाला ६९ कंपनं) असतो. मोबाइलचा चिमुकला स्पीकर त्याच्या आसपासही पोचत नाही, तरी मोबाइलवर खर्ज ‘ऐकू’ येतो, कारण वरच्या उपस्वरांवरून मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो.

दुसरा तबला. बहुतेक चर्मवाद्यांना ठाम स्वर नसतो. तबल्याला असतो, तो शाईमुळे, म्हणजे पुडीवरच्या काळ्या वर्तुळामुळे. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये यावर लिहिलं: मधोमध वजन असलेल्या पुडीचे उपस्वर तारेच्या उपस्वरांसारखे सुसंवादी होतात. म्हणूनच ‘ना’ वाजला की त्यात षड्ज ऐकू आला पाहिजे, नुसती ‘टक्’ नव्हे. चाटेवरचा (कडेचा) बोल, लवेवरचा (चाट आणि शाई यांच्या मधला) बोल आणि शाईवरचा बोल यांचा रंग वेगळा कळायला हवा. ‘तिरकिट’ द्रुत लयीत येईल तेव्हा चारही अक्षरं सुटी राहिली पाहिजेत. डग्ग्याचा घुमारा तर फारच बोलका. मनगटाच्या दाबानं स्वर वर चढतो आणि उतरतो, ती मींड सलग यायला हवी. मध्येच एका जागी ती फुगत असेल तर स्पीकरच्या पेटीचा किंवा तुमच्या खोलीचा दोष आहे. कोणाचा, ते पुढे पाहू.

एकलवादन घ्या. गाण्याच्या साथीत तबल्याचा माइक बऱ्याचदा मागे ठेवलेला असतो.

गायकाचा आवाज लावायचा तर पुरुषाचा की स्त्रीचा?

दोन्ही. बहुतेक लोक फक्त स्त्रीचा आवाज लावतात, कारण तो कानाला गोड वाटतो. पण स्पीकरच्या लाकडी पेटीचा पोकळपणा पुरुषाच्या बोलण्यात आधी उघडा पडतो. बीबीसीच्या अभियंत्यांनी स्वतःच्या वापरासाठी मॉनिटर (आवाज तपासायचे) स्पीकर तयार करताना पुरुषाच्या बोलण्याचा आवर्जून वापर केला. बोलणारा माणूस शेजारच्या खोलीत, त्याचा आवाज इकडे स्पीकरवर, आणि दोहोंची तुलना. घरच्या घरी हे जमतं. बऱ्यापैकी रेकॉर्डरवर वडिलांना किंवा भावाला वर्तमानपत्रातला एक परिच्छेद मोकळ्या जागेत वाचायला सांगा. तोच परिच्छेद स्पीकरवर लावा. गळ्याऐवजी छातीतून, पिंपातून बोलल्यासारखं वाटतंय का? ‘स’, ‘श’, ‘छ’ टोचतात का? आयुष्यभर ऐकलेल्या आवाजाबाबत कान सहसा फसत नाही.

गाण्यात भीमसेन जोशींचा एखादा ख्याल घ्या, ज्यात ते मंद्रातून सुरुवात करून तार सप्तकात झेपावतात. तान चढताना आवाज मोठा व्हावा, कर्कश होऊ नये. कर्कश झाला तर अॅम्प्लिफायरची ताकद संपत आली आहे किंवा स्पीकरची. किशोरी आमोणकरांचं गाणं दुसऱ्या टोकाचं. तिथे स्वर लागताना त्याच्या कडेला जे सूक्ष्म हलतं, ते आणि मागच्या स्वरमंडळाचा झंकार एकाच वेळी कळायला हवेत.

म्हणजे एकट्या आवाजावर, एकट्या वाद्यावर परीक्षा पुरी होते?

नाही. यावर झालेलं संशोधन आपल्या अंदाजाच्या थोडं उलट जातं. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे हार्मन या ऑडिओ कंपनीत पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या. स्वरातले उंचवटे आणि खड्डे ओळखायला पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्या एकदम भरणारा सलग खळखळाट) सर्वांत उपयोगी ठरला, आणि गाण्यांमध्ये ट्रेसी चॅपमनच्या ‘फास्ट कार’सारखी भरगच्च गाणी, ज्यांत खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या सतत भरलेल्या असतात. एकटा आवाज किंवा एकटं वाद्य त्या मानानं मागे पडलं. कारण सरळ आहे. स्पीकरचा दोष ज्या पट्टीत आहे, तिथे एकट्या वाद्याचा स्वर कधीतरीच पडतो. भरगच्च गाण्यात तिथे कायम काहीतरी वाजत असतं.

म्हणून यादीत एक गच्च भरलेलं ध्वनिमुद्रण हवंच. मराठीत ‘सैराट’चं (२०१६) संगीत त्यासाठी चांगलं. त्यातला सिम्फनी वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाला. व्हायोलिनांचा मोठा ताफा, पितळी वाद्यं आणि त्यांच्यासोबत आपला ठेका. साधा स्पीकर इथे गोंधळतो आणि सगळं एकाच गोळ्यात येतं. वारकरी भजनाचं चांगलं रेकॉर्डिंगही भरगच्चच असतं: पखवाज, पेटी, वीणा, दहा-वीस टाळ आणि कोरस.

मी स्वतः आधी भरगच्च रेकॉर्डिंगवर स्पीकर गाळून काढते आणि उरलेल्या दोन-तीनांवर तंबोरा, तबला नि गळा लावते. पहिल्या टप्प्यात दोष कळतात. स्पीकर घरी आणावासा वाटतो की नाही, ते दुसऱ्यात ठरतं.

उंच स्वरांसाठी काय लावावं?

टाळ. काशाच्या टाळांची जोडी आपटली की आधी टोकदार आघात येतो आणि मग लांबत जाणारी आस. तिच्यातला बराच भाग दहा हजार हर्ट्झच्याही वर असतो. आस स्वर म्हणून विरली पाहिजे. हलक्या ट्वीटरवर (स्पीकरमधल्या उंच स्वरांच्या छोट्या भागावर) ती नुसता ‘छस्स’ होते, आणि दहा टाळ एकत्र वाजले तर पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. लावणीतल्या चाळांचंही तेच: एकेक घुंगरू कळलं पाहिजे असं नाही, पण पुष्कळ आहेत हे कळलं पाहिजे. ऐकताना ट्वीटर कानाच्या उंचीला ठेवा, नाहीतर दोष स्टँडचा आणि शिक्षा स्पीकरला.

खालचा आवाज दणदणीत आहे की नुसता फुगलेला, हे कसं ओळखायचं?

पखवाज लावा. डाव्या पुडीवर कणीक थापलेली असते, त्यामुळे त्याचा ‘धा’ खोल आणि भरीव येतो, पण लगेच आवरतोही. तो आवरणं ऐका. ठोका संपल्यावर स्पीकर गुरगुरत राहिला तर आवाज फुगलेला आहे. मग एखादं असं गाणं घ्या ज्यात बास गिटार सलग खालीवर फिरते. तिची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झची. चार-पाच इंची वूफरचा (खालच्या स्वरांच्या भागाचा) छोटा स्पीकर तिथवर क्वचितच पोचतो, आणि तो त्याचा गुन्हा नाही. प्रत्येक सूर सारख्या वजनानं येतोय का, एवढं पाहा. एखादाच सूर दणकन येऊन बाकीचे पुसट असतील तर पुढचा प्रश्न वाचा.

दुकानात सुंदर वाजलेला स्पीकर घरी आल्यावर घुमतो. फसवणूक झाली का?

बहुधा नाही, खोली घुमते आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जो आवाज नेमका बसतो तो फुगतो. दहा फुटांच्या अंतरात तो सुमारे ५६ हर्ट्झचा, बारा फुटांत सुमारे ४७ चा. आपल्याकडची दहा बाय बाराची खोली म्हणजे हे दोन्ही फुगे एकाच ठिकाणी, आणि त्यात स्पीकर कोपऱ्यात, शोकेसमध्ये कोंबलेला.

खोलीचा दोष ओळखायची सोपी रीत: तेच पखवाजाचं रेकॉर्डिंग लावून दोन पावलं पुढे सरका, मग मागच्या भिंतीला टेका. गुरगुर जागेगणिक कमी-जास्त झाली तर दोष खोलीचा. कुठेही बसलं तरी तीच गुरगुर, तर स्पीकरच्या पेटीचा. स्पीकर भिंतीपासून हात-दोन हात पुढे ओढून बघा, कोपऱ्यातून काढा. जाड पडदे आणि सतरंजी वरचा कलकलाट कमी करतात, या खालच्या फुगवट्याला त्यांचा काही उपयोग नाही. शक्य असेल तर दुकानदाराकडून दोन दिवसांच्या बोलीवर स्पीकर घरी आणून, आपल्याच खोलीत ऐकून मगच पैसे द्या. दुकानातल्या तासाभरापेक्षा हे दोन दिवस लाखमोलाचे.

जुन्या नाट्यगीतांच्या तबकड्यांवरून स्पीकर पारखावा का? घरात सगळे तेच ऐकतात.

जे घरात ऐकलं जातं ते लावून बघायलाच हवं, फक्त त्याला नको ते विचारू नये. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झालं, आणि विजेवर चालणाऱ्या माइकचं ध्वनिमुद्रण जगात १९२५ नंतर रूढ झालं. त्याआधी गायक कर्ण्यात तोंड घालून गायचा. त्या काळच्या तबकडीत खोल आवाजही नाही आणि टोकाचे उंच स्वरही नाहीत. बालगंधर्वांच्या तबकड्या लावून बास शोधण्यात अर्थ नाही.

पण मधली पट्टी, म्हणजे गळ्याची पट्टी, तिथे भरून वाहते. खरा उपयोग आणखी एका गोष्टीसाठी. चांगल्या स्पीकरवर तबकडीची खरखर बाजूला राहते आणि गळा तिच्यातून वेगळा उभा राहतो. ज्याचा ट्वीटर तिखट आहे त्यावर खरखर गळ्याला चिकटते आणि पाच मिनिटांत डोकं दुखायला लागतं. ज्यांना आयुष्यभर हीच गाणी ऐकायची आहेत, त्यांनी ही परीक्षा सगळ्यांत आधी घ्यावी.

शिवाय ही सगळी ध्वनिमुद्रणं मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची. दोन्ही स्पीकरना एकच आवाज जात असल्यानं गायक बरोबर मधोमध, एका जागी उभा राहिला पाहिजे. तो पसरट झाला, डावीकडे ओढला गेला, तर स्पीकरची जोडी जुळलेली नाही किंवा मांडणी चुकली आहे. आवाज कुठून येतोय तेच कळेना आणि बासही गायब झाला, तर एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्यात. लाल-काळं तपासा.

आणि वाद्यं जागच्या जागी दिसण्यासाठी?

माइक कमी, जागा खरी, असं रेकॉर्डिंग. पंडित विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांची ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ (१९९३) ही अजूनही माझी पहिली पसंती. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या एका चॅपलमध्ये ती ध्वनिमुद्रित झाली, आणि १९९४ मध्ये तिला ग्रॅमी मिळालं. मोहनवीणा एकीकडे, गिटार दुसरीकडे, मागे तबला आणि भोवती त्या दगडी जागेचा श्वास. तुम्ही आणि दोन स्पीकर यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे, तरच हे चित्र उभं राहतं.

एकाच गाण्याच्या पाच आवृत्त्या सापडतात. कोणती घ्यावी?

जिच्यात कमी ढवळाढवळ झाली आहे ती. कॅसेटच्या काळात जुन्या गाण्यांवर चढवलेल्या ‘झंकार बीट्स’च्या आवृत्त्या पारखीसाठी बाद. त्यातला ठेका आणि घुमणारा प्रतिध्वनी मूळ गाण्याचा नाही. ‘रीमास्टर्ड’ हा शब्द पाहून भुलू नका, काही रीमास्टर निगुतीनं केलेले असतात, तर काहींत हळू-मोठं यातला फरकच चेचून टाकलेला असतो. ओळखायचं कसं? गाण्यातली शांत जागा आणि भरातली जागा सारख्याच मोठ्यानं वाजत असतील तर दुसरी आवृत्ती शोधा.

यूट्यूब, एमपी३, ब्लूटूथ चालेल का?

३२० केबीपीएसचं एमपी३ दुकानातल्या तुलनेला पुरेसं आहे. सीडीशी त्यातला फरक स्पीकर-स्पीकरमधल्या फरकापुढे किरकोळ असतो. कुणीतरी कॅसेटवरून चढवलेलं यूट्यूबवरचं रेकॉर्डिंग मात्र टाळा. ब्लूटूथपेक्षा तार बरी.

एमपी३ बनवताना कार्लहाइन्झ ब्रॅन्डेनबुर्ग यांनी सुझान व्हेगाचं ‘टॉम्स डायनर’ हे साथीविना गायलेलं गाणं कसोटीला वापरलं होतं, कारण एकट्या गळ्यात कॉम्प्रेशनचे (फाइल लहान करताना येणारे) दोष लपत नाहीत. स्पीकरचे दोष भरगच्च गाण्यात सापडतात, कॉम्प्रेशनचे उघड्या गळ्यात. कशाची परीक्षा आहे त्यावर रेकॉर्डिंग ठरतं.

दोन स्पीकरची तुलना करताना सगळ्यात मोठी गफलत कुठे होते?

आवाजाच्या पातळीत. दोनपैकी एक जरासा मोठ्यानं वाजला तरी तोच ‘जास्त जिवंत’ वाटतो, आणि एका डेसिबलचा फरक पातळी म्हणून आपल्याला जाणवतही नाही. मोबाइलवर डेसिबल मोजणारं अॅप घ्या, फोन बसायच्या जागी ठेवा, पिंक नॉइज लावून दोन्ही स्पीकर सारखे करा, मगच गाणी लावा. हळू आवाजातही एकदा ऐका. पातळी उतरली की कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं. रात्री घरातले झोपल्यावर हळूच ऐकणाऱ्यांनी त्याच पातळीवर स्पीकर निवडावा.

यादीत किती रेकॉर्डिंग असावीत?

सहा-सात पुरेत. प्रत्येकाचा दीड-दोन मिनिटांचा तुकडा ठरवून ठेवा. शेवटी एक अख्खं गाणं मात्र काही न तपासता ऐका.

वय झालंय, वरचे स्वर कमी ऐकू येतात. तरी इतकं बघावं का?

जरूर. वयानुसार आधी जातात ते टोकाचे उंच स्वर. गळा, तबला, पेटी, तंबोरा यांचं बहुतेक सारं त्याच्या खाली असतं, आणि पन्नास वर्षं मैफली ऐकलेल्या कानाला षड्ज नीट लागला की नाही हे विशीतल्या मुलापेक्षा लवकर कळतं. टाळ आणि चाळ तेवढे नातवंडाला ऐकायला सांगा. त्याला टोचले तर घरातल्या इतरांनाही टोचणार. तुम्हाला ते ऐकू येत नाहीत म्हणून ट्रेबल वाढवून स्पीकर निवडू नका. निवड सपाट सेटिंगवर (बास-ट्रेबल कमी-जास्त न करता) करा, आणि घरी आल्यावर हवं तर बटण फिरवा.